मालवणच्या पाण्यात उतरण्याआधी

ऑक्टोबर उजाडला की वाचकांकडून तेच तेच प्रश्न येऊ लागतात. पोहता येत नाही, तरी स्कूबा जमेल का? मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला नेलं तर चालेल? दिवाळीत जावं की नाताळात? किनाऱ्यावर दहा जण दहा दर सांगतात, विश्वास कोणावर ठेवायचा? मालवण, तारकर्ली, देवबाग हा पट्टा आता घराघरात माहीत झाला आहे, पण पाण्याखाली जाणं म्हणजे नेमकं काय, हे बहुतेकांना होडीत बसल्यावरच कळतं. तोवर पैसे भरलेले असतात आणि सगळं कुटुंब मोबाइल रोखून वाट बघत असतं. अशा वेळी 'मला नको' म्हणायला जीभ रेटत नाही.

म्हणून पुढचं सगळं वाचताना एक गोष्ट धरून ठेवा. स्कूबाचे पैसे घरून भरता येतात, पण पाण्यात उतरायचं की नाही हे त्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर उभं राहूनच ठरवावं लागतं. समुद्र कसा आहे, तुमचं नाक-कान कसे आहेत, होडी कशी आहे, हे तिन्ही आदल्या आठवड्यात कळत नाही. तेव्हा सहलीत एक दिवस मोकळा ठेवा. शनिवारी पोहोचून रविवारी स्कूबा आणि रविवारी रात्रीच परतीची गाडी, असा बेत केलात तर 'नाही' म्हणायची सोयच उरत नाही.

कुठे उतरायचं?

रेल्वेने येणार असाल तर कुडाळ किंवा कणकवली गाठा. कुडाळहून मालवण साधारण २८ किलोमीटर. मुंबई-गोवा महामार्गाने येणाऱ्यांना कसालला वळावं लागतं. चिपीचं विमानतळ २०२१ मध्ये सुरू झालं, पण तिथली उड्डाणं तारखेनुसार बदलतात. ती तपासल्याशिवाय त्यावर बेत बांधू नका.

मालवण शहरात राहिलात तर जेटी, बाजार आणि दवाखाना जवळ. तारकर्लीत वाळू सुंदर, पण सुट्ट्यांत गर्दी फार. शांतता हवी असेल तर दोन जागा सुचवतो. पहिली देवबाग. तारकर्लीच्या पुढे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, अशी जमिनीची चिंचोळी पट्टी आहे. तिच्या टोकाला संगमाजवळ होड्यांची वर्दळ असते, मधल्या वाड्यांमध्ये मात्र रात्री फक्त गाज ऐकू येते. दुसरी जागा कर्लीच्या पलीकडे परुळ्याच्या बाजूला, भोगवे आणि निवती. निवती हे खरंखुरं मच्छीमारांचं गाव आहे. तिथे सोयी कमी, पण पहाटे होड्या लागताना बघायला मिळतात. गावात घरगुती न्याहारी-निवासाच्या खोल्या मिळतात. खोली ठरवताना गोडं पाणी पुरेसं आहे ना, हे विचारा. खाऱ्या पाण्यातून आल्यावर ते सगळ्यात आधी लागतं.

देवबागच्या संगमावर पोहू नका. नदी आणि समुद्र भेटतात तिथे ओहोटीच्या वेळी पाण्याला जबरदस्त ओढ असते. गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूसही पायाखालची वाळू सरकून आत जातो. वरून पाणी शांत दिसतं, त्यामुळे धोका लक्षातच येत नाही.

कधी जायचं? कालनिर्णय उघडा

मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत पावसाळ्यामुळे प्रवासी होड्या आणि जलक्रीडा बंद असतात. या काळात कोणी 'आतल्या खाडीत करून देतो' म्हणालं तरी मुळीच जाऊ नका. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नद्यांचा गाळ समुद्रात आलेला असतो आणि पाणी अजून निवळलेलं नसतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात भरवशाचा. मार्च-एप्रिलमध्ये पाणी उबदार असतं, पण दुपारी वारा चढतो. मेमध्ये गर्दी आणि बिघडू पाहणारा समुद्र एकत्र येतात. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा जीव गेला. हंगामाचे शेवटचे दिवस म्हणजे काय, हे या तारखेवरून ध्यानात घ्या.

महिना ठरला की तिथी बघा. हा मुद्दा पर्यटन पुस्तिकांत कुठेच नसतो, पण किनाऱ्यावरचा माणूस त्याशिवाय पाऊल टाकत नाही. पौर्णिमा आणि अमावस्येच्या आसपास उधाणाची भरती असते. पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, वेगाने धावतं आणि तळाची वाळू ढवळून काढतं. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांगाची भरती असते. पाण्याची हालचाल मंदावते, गाळ खाली बसतो, आणि एरवी हातभर अंतरावरूनही न दिसणारा तळ कधी कधी होडीतूनही दिसू लागतो.

भरतीची वेळ काढायला कोकणात एक सोपा हिशेब चालतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता, दशमीला साडेसातला, द्वादशीला नऊला, पौर्णिमेला सव्वाअकराला. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, पण बेत आखायला एवढं पुरतं. स्कूबा आणि स्नॉर्केलिंग सकाळीच करायचं असतं, कारण अकरानंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि पृष्ठभाग चाळवतो. भरतीच्या टोकाला पाणी काही वेळ स्थिर असतं आणि बाहेरचं स्वच्छ पाणी किनाऱ्याजवळ आलेलं असतं. आता हे सगळं जुळवून बघा: नवमी ते द्वादशी या चार तिथींना भांगाचं पाणीही असतं आणि भरतीही सकाळीच येते. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच.

म्हणूनच दिवाळीचा आग्रह धरू नका असं सांगतो. लक्ष्मीपूजन अमावस्येला, पाडवा आणि भाऊबीज त्याला लागून. म्हणजे गर्दीचे दिवस नेमके उधाणाचे. त्याऐवजी कार्तिक शुद्ध नवमी ते द्वादशी, तुळशीच्या लग्नाच्या आधीचे दोन-तीन दिवस धरा. मुलांच्या शाळा उघडल्या नसतील तर त्यासारखी संधी नाही.

वरून बघायचं, एकदा खाली जायचं की रीतसर शिकायचं?

तीन पर्याय आहेत. तिन्हींसाठी लागणारी तयारी वेगळी, मिळणारा आनंदही वेगळा.

*स्नॉर्केलिंग.* तोंडावर काचेचा मास्क, तोंडात नळी आणि अंगात लाइफ जॅकेट. तुम्ही पाण्यावर पालथे तरंगता आणि खाली बघता. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांत पाणी निवळ असेल तर पट्टेरी सार्जंट मासे, पोपट मासे, काळ्या काट्यांचे समुद्री अर्चिन आणि प्रवाळाचे गोल गड्डे दिसतात. मन भरेपर्यंत पाण्यात राहता येतं, कानावर दाब येत नाही, मुलांनाही जमतं. माझं स्पष्ट मत असं की पहिल्यांदा येणाऱ्या कुटुंबाने आधी हेच करावं. पाण्यात तोंड घालून तोंडाने श्वास घेण्याची ज्याला भीती वाटत नाही, त्याला दुसऱ्या दिवशी स्कूबा निम्म्याने सोपा जातो.

*एकदाची डुबकी.* किनाऱ्यावर ज्याला सरसकट 'स्कूबा' म्हणतात ते हेच. प्रशिक्षण नसलेल्या माणसाला गाइड धरून उथळ पाण्यात नेतो, फिरवतो आणि वर आणतो. आंतरराष्ट्रीय संस्थांच्या नियमांनुसार अशा डुबकीची कमाल मर्यादा १२ मीटर आणि किमान वय १० वर्षं. आपल्याकडे ती प्रत्यक्षात बरीच उथळ असते, आणि तेच योग्य आहे. यात तुम्ही डायव्हर होत नाही. तुमचा श्वास सोडून बाकी सगळं गाइडच्या हाती असतं, म्हणून गाइडची निवड हीच खरी निवड.

*प्रमाणपत्राचा कोर्स.* 'ओपन वॉटर' कोर्समध्ये वर्ग, तलावातला सराव आणि समुद्रातल्या किमान चार डुबक्या असतात, आणि तो पूर्ण केल्यावर तुम्हाला जोडीदारासोबत १८ मीटरपर्यंत जाता येतं. त्यासाठी पोहता यायलाच हवं. २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं ही त्याची परीक्षा. तारकर्लीत पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. तिथे कोणते वर्ग चालू आहेत आणि जागा आहे का, हे निघण्याआधी फोन करून विचारा. अंदमानला किंवा लक्षद्वीपला जायचा विचार असेल तर कोर्स इथे करून जा, तिथले दिवस मग शिकण्यात जात नाहीत.

अनेक जण आंग्रिया बँकेबद्दल विचारतात. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर समुद्रात बुडालेलं ते पठार आहे आणि त्याचा माथाच जवळपास २० मीटर खोल आहे. ती पर्यटकांची एका दिवसाची सहल नव्हे. कोणी तसं आमिष दाखवलं तर पैसे देऊ नका.

पोहता येत नाही, मग?

एकदाच्या डुबकीला पोहता येण्याची सक्ती नसते, हे खरं. पण 'पोहता न येणारेही करू शकतात' या जाहिरातीचा अर्थ 'पाण्याला घाबरणारे करू शकतात' असा होत नाही. खाली असताना मास्कमध्ये चार थेंब पाणी आलं, तर पाण्याची सवय असलेला माणूस नाकाने फुंकून ते बाहेर टाकतो. सवय नसलेला माणूस घाबरून तोंडातली नळीच काढतो. तेव्हा निघण्याआधी महिनाभर जवळच्या जलतरण तलावावर जा. पोहणं शिकला नाहीत तरी चालेल, पण तोंड पाण्यात घालून श्वास सोडणं आणि पाठीवर तरंगणं एवढं शिका.

यांनी स्कूबा टाळावा

इथे भीड ठेवू नका. फॉर्मवर आजारांची यादी असते आणि रांगेत उभं राहून सगळे 'नाही, नाही' अशा खुणा करत जातात. खुणा करण्याआधी पुढचं वाचा.

- सर्दी, सायनस, कान दुखणं: त्या दिवशी मुळीच नाही. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरू नका. खाली असताना तिचा असर उतरला तर हवा आत अडकते आणि वर येताना कानाला इजा होते.
- दमा, हृदयविकार, फिट येणं, फुप्फुसाची किंवा कानाची शस्त्रक्रिया: डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय नाही.
- रक्तदाब किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील: घरून निघण्यापूर्वी डॉक्टरांना 'स्कूबा' हा शब्द वापरून विचारा. 'फिरायला जातोय' म्हणालात तर ते हो म्हणतील.
- गरोदरपण: स्कूबा नाही.
- आदल्या रात्रीची दारू, अपुरी झोप: नाही. सकाळी हलका नाश्ता पुरे, दोन घावणे आणि चहा.
- दहा वर्षांखालची मुलं: समुद्रात स्कूबा नाही, मग गाइड कितीही म्हणू दे. स्नॉर्केलिंग करू द्या.

पैसे देण्याआधी विचारायचे प्रश्न

दर हंगामाप्रमाणे आणि गर्दीप्रमाणे बदलतो, म्हणून तो इथे देत नाही. सगळ्यात स्वस्त दर सांगणाऱ्याकडे जाऊ नका. स्वस्ताई बहुतेक वेळा पाण्याखालच्या मिनिटांतून आणि गाइडच्या संख्येतून भरून काढलेली असते. पुढचे प्रश्न विचारा आणि उत्तर देताना समोरचा वैतागला तर दुसरीकडे चला.

1. तुमची नोंदणी आहे का? राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानुसार अशा व्यवसायाची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करावी लागते. कागद दाखवायला सांगा.
2. माझ्यासोबत खाली येणाऱ्या गाइडकडे कोणतं प्रमाणपत्र आहे? दुकानमालकाचं नको, त्या गाइडचंच बघा.
3. एका गाइडबरोबर किती जण? पहिल्यांदा उतरणाऱ्यासाठी एकास एक हवा.
4. सिलिंडर माझ्या पाठीवर असेल की होडीत ठेवून लांब नळीने हवा द्याल? नळी असेल तर ती होडीवर कोण सांभाळणार?
5. खाली नेण्याआधी उथळ पाण्यात सराव करून घेता का, आणि किती वेळ?
6. प्रत्यक्ष पाण्याखाली किती मिनिटं? प्रवास, सराव आणि फोटो धरून सांगितलेला तास उपयोगाचा नाही.
7. होडीवर ऑक्सिजन आणि प्रथमोपचाराची पेटी आहे का?
8. समुद्र खराब झाला किंवा मी ऐनवेळी नको म्हटलं, तर पैशांचं काय?
9. फोटो-व्हिडिओ दरात धरले आहेत का, आणि कधी मिळतील?

आठव्या प्रश्नाचं उत्तर मोबाइलवर लिहून घ्या. तोंडी 'बघू' म्हणजे नाही, असंच समजा. पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या.

होडीत पाय ठेवण्याआधी

होडीवर नोंदणी क्रमांक आणि प्रवासी क्षमता लिहिलेली असायला हवी. माणसं मोजा. क्षमतेपेक्षा एक जरी जास्त असेल तर उतरा, बाकीचे काय म्हणतील याचा विचार करू नका. लाइफ जॅकेट किनाऱ्यावरच घाला, बकल लावा आणि खालचा पट्टा आवळा. गळ्यात अडकवलेलं जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जातं. लहान मुलाला मोठ्या माणसाचं जॅकेट चालत नाही. मुलाच्या मापाचं नसेल तर मूल किनाऱ्यावर राहील.

होडी चालवणारा तांडेल म्हणाला 'आज नको, वारा लागलाय', तर हुज्जत घालू नका. लांबून आलोय, परत कधी येणार, दोनशे रुपये जास्त घ्या, असं म्हणणारे पर्यटक किनाऱ्यावर रोज दिसतात. त्या तांडेलाची दिवसाची कमाई बुडत असते, तरी तो नाही म्हणतो. त्याच्याइतका मोलाचा सल्ला तुम्हाला दुसरा कोणी देणार नाही.

पाण्याखालची पहिली पाच मिनिटं

खरी अडचण कानांची. घाट उतरताना कानात दडा बसतो, तसाच इथे एक-दोन मीटरवरच बसतो, कारण पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. नाक चिमटीत धरा, तोंड मिटलेलं ठेवा आणि हलकेच नाकातून फुंकर मारल्यासारखं करा. कान 'टक्' करून मोकळे होतात. दुखण्याची वाट न बघता दर मीटरला हे करत राहा. मोकळे झाले नाहीत तर खाली जाऊ नका, थोडं वर येऊन पुन्हा करा. जोर लावाल तर पडदा फाटू शकतो.

दुसरा नियम एकच आणि त्याला अपवाद नाही: श्वास कधीही रोखून धरायचा नाही. दहा मीटरवर फुप्फुसात भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट होते. श्वास कोंडून वर आलात तर ती फुप्फुसालाच इजा करते. संथ, लांब श्वास घ्या आणि सोडा. घाबरलात तरी बुडबुडे चालू ठेवा.

खुणा किनाऱ्यावरच पाठ करून घ्या. अंगठा आणि तर्जनीचं गोल म्हणजे सगळं ठीक. तळहात हलवून दाखवला की काहीतरी बिनसलं आहे, आणि मग बोटाने ती जागा दाखवायची, कान असेल तर कान. अंगठा वर म्हणजे 'मस्त' नाही, 'वर चला'. कॅमेऱ्याकडे बघून सवयीने अंगठा दाखवणारे कितीतरी लोक नको असताना वर येतात. आणि तुम्हाला खरंच वर यायचं असेल तर तोच अंगठा ठामपणे दाखवा. कारण द्यावं लागत नाही. चांगला गाइड पुन्हा विचारत नाही, सरळ घेऊन येतो.

काही बारक्या गोष्टी: मास्क पट्टा न लावता तोंडावर ठेवून नाकाने हवा ओढा. तो चिकटून राहिला तर तो तुमच्या मापाचा. मिशा असतील तर थोडं पाणी येणारच. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून समुद्राच्या पाण्याने विसळतात, त्याची किळस करू नका. ओढणी, सैल कुर्ता, साडी घालून होडीत बसू नका. अंगाबरोबरचे लांब हातांचे कपडे घाला. स्नॉर्केलिंग करताना पाठ आणि पोटऱ्या उन्हात भाजतात, हे संध्याकाळी आंघोळीच्या वेळी कळतं. चष्मा असलेल्यांनी नंबरचा मास्क मिळेल का, ते आधीच विचारावं.

हात आवरा, पाव आवरा

सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोवतालचा समुद्र मिळून १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. तुम्ही जिथे डुबकी मारता तो बहुतेक भाग त्याच्या आत किंवा काठावर असतो.

प्रवाळ दगडासारखा दिसतो, पण तो जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. जवळून बघाल तर त्या गोल गड्ड्यावर टाचणीच्या डोक्याएवढ्या खळ्या दिसतात आणि प्रत्येक खळीत एक इवलासा जीव बसलेला असतो. त्यावर एकदा टाच टेकली की तेवढी जागा खरवडून निघते, आणि प्रवाळाची वाढ वर्षाला मिलिमीटर-सेंटिमीटरमध्ये मोजतात. उभं राहायचं असेल तर वाळूवर राहा. नाहीतर लाइफ जॅकेटच्या भरवशावर तरंगा.

फोटोत मासे यावेत म्हणून पाव आणि बिस्किटं टाकायची पद्धत पडली आहे. ती बंद व्हायला हवी आणि ती गिऱ्हाइकच बंद करू शकतं. पोपट मासा प्रवाळावरचं शेवाळ खरवडून खातो. पावाला चटावलेला मासा ते काम सोडतो आणि प्रवाळावर शेवाळ माजतं. 'आम्हाला पाव नको, मासे कमी दिसले तरी चालतील' असं निघतानाच सांगा. नांगर कुठे टाकता, हेही विचारा. पर्यटक विचारतात हे कळलं की वाळूत नांगर टाकायची सवय लागते.

प्रवाळ, समुद्रघोडा आणि अनेक शंख-शिंपल्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. मेलेला तुकडाही उचलणं, विकत घेणं किंवा घरी नेणं गुन्हा आहे, आणि पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांबाबत शिक्षा तीन ते सात वर्षांच्या कैदेची आहे. टाकीत ठेवायला प्रवाळाचा तुकडा देतो, असं कोणी म्हटलं तर घेऊ नका.

गावात वावरताना

ज्या किनाऱ्यावर तुमची खुर्ची आहे, त्याच किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली जाते आणि जाळी सुकतात. जाळ्यावर पाय देऊ नका, दोर ओलांडू नका. रापण ओढायला हात लावायचा असेल तर विचारून लावा, बहुतेक वेळा हसून जागा देतात. फोटो काढण्याआधी बायकांना विचारा. मासळी निवडत बसलेली बाई म्हणजे देखावा नव्हे, ती कामावर असते. ताज्या माशाचं जेवण हवं असेल तर आदल्या रात्रीच, ज्या घरी उतरलात तिथल्या वहिनींना सांगून ठेवा. त्या सकाळच्या मासळीवर बेत ठरवतात. अनेक घरांत सोमवारी चुलीवर मासा चढत नाही, त्या दिवशी हट्ट न धरता काळ्या वाटाण्याची आमटी मागा. तुमचं भाग्य समजा.

काही बिनसलं तर

- तातडीची मदत ११२, रुग्णवाहिका १०८, समुद्रात संकट असेल तर तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३. हे चारही क्रमांक होडीत बसण्याआधी मोबाइलमध्ये घालून ठेवा.
- स्कूबानंतर चोवीस तासांत सांधे दुखणं, मुंग्या येणं, चक्कर, छातीत दुखणं, थुंकीतून रक्त किंवा न पेलणारा थकवा आला तर रुग्णालयात जा आणि स्कूबा केल्याचं पहिल्याच वाक्यात सांगा. अशा वेळी ऑक्सिजन लागतो, घरगुती उपाय कामाचे नाहीत.
- होडीत जादा माणसं, जॅकेट नसणं, नोंदणी नसलेली होडी, यांची तक्रार मालवणच्या बंदर कार्यालयात करा. ते महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीत येतं. होडीचा क्रमांक आणि फोटो जोडा.
- ठरवलं तेवढं दिलं नाही, फेरी रद्द करून पैसे परत केले नाहीत, तर आधी लेखी मागणी करा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही सुटलं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. त्यासाठी मालवणला खेपा घालाव्या लागत नाहीत. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची.
- 'जबाबदारी माझी' असं लिहिलेल्या फॉर्मवर सही केली म्हणून हलगर्जीपणाविरुद्ध दाद मागायचा हक्क जात नाही. सही करण्यापूर्वी फॉर्मचा फोटो काढून घ्या.
- तुमच्या विमा पॉलिसीत साहसी खेळ वगळले आहेत का, हे घरीच वाचून बघा. बऱ्याच पॉलिसींत वगळलेले असतात.

परतीचा दिवस

दाबाखाली घेतलेल्या हवेतला नायट्रोजन शरीरातून निघायला वेळ लागतो, म्हणून एका डुबकीनंतर किमान १२ तास आणि एकाहून जास्त डुबक्यांनंतर किमान १८ तास विमानात बसू नये. चिपी किंवा गोव्यातल्या मोपा विमानतळाहून उड्डाण असेल तर हा हिशेब सगळे करतात. घाटाचा मात्र कोणी करत नाही. आंबोली समुद्रसपाटीपासून जवळपास ६९० मीटर उंच आहे, आणि सहाशे मीटरच्या वर चढणं डायव्हिंगच्या हिशेबात विमानप्रवासासारखंच धरतात. उथळ पाण्यातल्या एका छोट्या डुबकीने धोका कमी असतो, तरी कोल्हापूर, बेळगाव, पुण्याकडे घाटाने परतणाऱ्यांनी सकाळी स्कूबा करून संध्याकाळी गाडी घाटात घालू नये.

तेव्हा क्रम असा लावा: पहिल्या सकाळी स्नॉर्केलिंग, दुसऱ्या सकाळी स्कूबा. समुद्राने नाही म्हटलं तर स्कूबा तिसऱ्या सकाळी आणि परतीचा प्रवास चौथ्या दिवशी. सगळं वेळेवर झालं तर तिसरी सकाळ सिंधुदुर्ग किल्ल्याला द्या. तिकीट काढून जेटीवरून होडीने जा आणि परतीच्या होडीची वेळ विचारूनच तटावर चढा.